‘फ्लाय रॉड’ नावाची बाई

नदीकाठी गळ टाकून निवांत बसलेली बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? मासे विकणारी पाहिली असेल, बोंबील वाळत घालणारी पाहिली असेल. पावसाळ्यात ओढ्याला लुगड्याच्या धडप्याने बारके मासे गोळा करणाऱ्या बायकाही खेड्यापाड्यांत दिसतात. पण हातात काठी, पाण्यात दोरी आणि घरी परतायची घाई नाही, अशी बाई? मला तरी कधी दिसली नाही. गळ टाकून बसणं हे पुरुषांचं काम, खरं सांगायचं तर पुरुषांचं रिकामपण, असं आपण धरूनच चालतो.

म्हणूनच कॉर्नेलिया क्रॉसबी या अमेरिकन बाईची गोष्ट हाती आली, तेव्हा ती मला सोडवेना. तिचा जन्म १० नोव्हेंबर १८५४ चा. म्हणजे आपल्याकडे मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. या बाईने गळाच्या काठीवर नाव कमावलं, पोट भरलं, आणि राज्याच्या दप्तरात गाईड म्हणून पहिला नंबर आपल्या नावावर लावून घेतला. लोक तिला खऱ्या नावाने कमी आणि ‘फ्लाय रॉड’ या टोपणनावानेच जास्त ओळखत. फ्लाय रॉड म्हणजे ट्राउट मासा पकडायची हलकी, लवचिक काठी.

अमेरिकेच्या नकाशात उजवीकडे अगदी वरच्या टोकाला मेन नावाचं राज्य आहे. कॅनडाला खेटलेलं, जंगलांनी आणि तळ्यांनी भरलेलं. तिथलं फिलिप्स हे सँडी नदीकाठचं छोटंसं गाव कॉर्नेलियाचं जन्मगाव. १८७९ साली तिथे रेल्वे आली तीसुद्धा चिमुकली, रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. आपल्या माथेरानच्या गाडीचंही तेवढंच आहे, म्हणजे डोळ्यांपुढे चित्र यायला हरकत नाही. फिलिप्सच्या पुढे डोंगर चढून गेलं की रेंजली नावाचा तळ्यांचा मोठा प्रदेश लागतो. त्यातल्या एका तळ्याचं नाव मूसलुकमेगंटिक. दोनदा म्हणून बघा, मग जमतं!

कॉर्नेलियाच्या घरात क्षय होता. ती लहान असतानाच वडील त्या रोगाने गेले, पुढे भाऊही गेला. आई आणि ही मुलगी, दोघीच उरल्या. क्षय म्हणजे त्या काळी जवळजवळ मरणाची चिठ्ठीच. औषध नव्हतंच. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या त्या १८८६ साली, आणि पुढच्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, पुण्यात क्षयानेच गेल्या. ते १८८६ साल लक्षात ठेवा, कॉर्नेलियाच्या गोष्टीतही ते येणार आहे.

वडिलांकडून तिच्या वाट्याला सहाशे डॉलर आले होते. त्या काळातली शहाणी माणसं म्हणाली असती की हे लग्नासाठी ठेव. तिने ते शिक्षणावर खर्च केले. ऑगस्टा या राजधानीच्या गावी मुलींची एक चांगली शाळा होती, तिथे जाऊन शिकली. परत येऊन फिलिप्सच्या बँकेत नोकरीला लागली. मला हा टप्पा फार आवडतो. एकोणिसाव्या शतकात खेडेगावातली मुलगी बँकेत खतावण्या लिहिते आहे, स्वतःचा पगार घेते आहे. गोष्ट इथेच संपली असती तरी काही कमी नव्हतं.

पण तब्येत ढासळली. बंद खोलीतलं बसकं काम सोसेना. डॉक्टरांनी सांगितलं की बाहेर पड, मोकळ्या हवेत राहा. आपल्याकडेही पुढे क्षयाच्या रोग्यांना पाचगणीला नाहीतर मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये पाठवत, तसाच हा सल्ला. फरक इतकाच की सॅनिटोरियममध्ये खाटेवर पडून राहायचं असतं आणि कॉर्नेलियाकडे पडून राहण्याइतके पैसे नव्हते. मग तिने रेंजलीच्या तळ्यांकाठच्या हॉटेलांत कामं धरली. खोल्यांची व्यवस्था, चादरी, पाहुण्यांची सरबराई. उन्हाळ्यात बोस्टन-न्यूयॉर्कहून पैसेवाले लोक तिथे मासे पकडायला येत. त्यांना होडीतून तळ्यावर नेणारे गावचे गाईड असत. रिकामा वेळ मिळाला की ही बाई त्या गाईड लोकांमध्ये जाऊन बसायची, त्यांच्याबरोबर पाण्यावर जायची. ऐकायची, बघायची, विचारायची. जंगलातली वाट, होडी, गळ, बंदूक, सगळं तिथेच शिकली. पुस्तकातून नाही.

आणि मग १८८६ साली चार्ल्स व्हीलर नावाच्या मित्राने तिला एक काठी भेट दिली. बांबूच्या पातळ चिरफळ्या एकमेकींना चिकटवून केलेली, वजन फक्त पाच औंस, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम. अमेरिकेत तेव्हा अशा काठ्यांसाठी लागणारा चांगला बांबू आपल्या कलकत्त्याहून जात असे, ही मला तरी नवीन माहिती होती.

आता ही ‘फ्लाय फिशिंग’ भानगड काय आहे ते थोडं सांगते. आपल्या ओळखीच्या गळाला गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा लावतात आणि शिसाच्या वजनाने तो पाण्यात बुडतो. इथे तसं नाही. बारीक गळावर रेशमाचा धागा गुंडाळून, पक्ष्यांची पिसं बांधून एक खोटी माशी तयार करतात. तिला वजन असं नसतंच. वजन असतं ते दोरीला. काठीने ती लांब दोरी हवेत पुढेमागे झुलवायची आणि मग अशी सोडायची, की पिसांची ती माशी पाण्यावर अलगद टेकली पाहिजे. माशाला वाटलं पाहिजे, खरंच किडा पडला. ताकदीचं काम नाही हे. मनगट आणि वेळ यांचं आहे. कढईच्या कडेने घावन सोडवताना जसा हात नेमका त्याच क्षणी फिरतो, तसंच काहीसं. या माश्या बांधणं हे तर तिकडे बायकांचंच काम होतं. व्हरमाँट राज्यातल्या मँचेस्टर गावी मेरी ऑर्विस मार्बरी नावाची बाई असा कारखानाच सांभाळत होती आणि १८९२ साली तिने अशा माश्यांवर एक जाडजूड सचित्र पुस्तकही काढलं. म्हणजे बायकांनी माश्या बांधायच्या आणि पुरुषांनी पकडायला जायचं! आपल्याकडच्या पापड-लोणच्यांच्या धंद्यासारखंच म्हणा ना.

ट्राउट हा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्याचा मासा. आपल्या महाराष्ट्रात तो नाही. काश्मीरला गेला असाल तर पहलगामला ताटात भेटला असेल. तोही मूळचा तिथला नाही, १९०० च्या सुमारास इंग्रजांनी अंडी आणून सोडलेला. रेंजलीचा ट्राउट मात्र अस्सल तिथलाच. ब्रूक ट्राउट म्हणतात त्याला. अंगावर लाल-निळे ठिपके, पोटाखालच्या परांना पांढरी किनार. आणि रेंजलीत तो आठ-आठ, दहा-दहा पौंडांचा व्हायचा. इतका मोठा ब्रूक ट्राउट इतरत्र क्वचितच, म्हणून तर पैसेवाले लोक दोन-दोन दिवसांचा प्रवास करून तिकडे धावत.

पण केव्हा धावायचं? हाच खरा प्रश्न होता, आणि कॉर्नेलियाच्या गोष्टीची खरी मेख मला इथे दिसते.

रेंजलीची तळी डिसेंबरात गोठतात. बर्फ इतका जाड होतो की त्यावरून घोडागाड्या जात. एप्रिल येतो, जमिनीवरचं हिम वितळू लागतं, तळ्यावरचा बर्फ पांढऱ्याचा करडा, करड्याचा काळपट होतो. आतून तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ झालेला असतो. मग एखाद्या दिवशी जोराचा वारा सुटतो आणि एका दिवसात सगळा बर्फ फुटून नाहीसा होतो. याला ते ‘आईस आऊट’ म्हणतात. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत केव्हाही. तारीख कुणालाच आधी सांगता येत नाही. आपल्याकडे मृगाचा पाऊस कधी पडणार यावर जशा गप्पा रंगतात, तशा तिथे यावर रंगतात. पैजाही लागतात.

बर्फ फुटला की त्यानंतरचे काही आठवडे हे मासे पकडणाऱ्याचे सोन्याचे दिवस. का, तर पाण्याची एक गंमत आहे. पाणी सगळ्यात जड असतं ते चार अंश सेल्सियसला. त्याहून थंड झालं की ते हलकं होतं, म्हणूनच बर्फ वर तरंगतो. बर्फ गेल्यावर वरचं पाणी जरासं तापून चार अंशांवर आलं की तळ्याचं पाणी वरपासून खालपर्यंत एकाच तपमानाचं होतं. मग वारा ते सहज घुसळतो, अगदी तळापर्यंत. प्राणवायू सगळीकडे पोचतो. उन्हाळ्यात जो ट्राउट गारव्यासाठी खोल तळाशी जाऊन बसतो आणि पिसांच्या माशीला कधीच दिसत नाही, तोच या दिवसांत काठाशी, दगडांजवळ, ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथे वावरतो. काठावरचे काळे दगड उन्हाने तापतात, तिथलं पाणी अंशभर ऊबदार असतं. तेवढ्या एका अंशासाठी मासा तिथे येतो.

पण आला म्हणजे गळाला लागला असं नाही हो. मासा थंड रक्ताचा. पाणी गार तर तोही गार. चार-पाच अंशांच्या पाण्यात तो जागचा हलत नाही, समोरून घास गेला तरच तोंड उघडतो. मागे धावणार नाही. तेव्हा घाईने दोरी ओढणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. माशी खाली जाऊ द्यायची, हळूहळू, अगदी हळूहळू सरकवायची. पाणी दहा अंशांच्या पुढे गेलं, किडे उडू लागले, की मग मासा वर उसळी मारतो. ते दिवस मेच्या अखेरीचे आणि जूनचे. पण त्याच दिवसांत बारीक काळ्या चावऱ्या माश्यांचे थवे उठतात आणि माणसाला फोडून खातात.

नद्यांचं गणित आणखी निराळं. डोंगरावरचं हिम वितळून नद्या फुगलेल्या असतात, पाणी जोराचं आणि बर्फासारखं गार. अशा वेळी मासा मधल्या धारेत राहत नाही, त्याची ताकद उगाच खर्च होते. तो मोठ्या दगडाच्या आडोशाला, वळणाच्या आतल्या अंगाला, काठालगतच्या संथ पाण्यात विसावतो. रात्री थंडीने हिम वितळायचं थांबतं, त्यामुळे सकाळी पाणी उतरलेलं आणि निवळलेलं असतं, पण गार. दुपारी ऊन लागतं, पाणी थोडं ऊबदार होतं आणि मासा खायला लागतो. आणि त्याच उन्हाने वरचं हिम वितळून नव्या गार पाण्याचा लोंढा खाली यायला लागतो. म्हणजे नेमके मधले दोन-तीन तास आपले. पहाटे उठून नदीवर जाणारा उत्साही माणूस इथे फसतो. उशिरा उठणारा जिंकतो! घरात सगळ्यांआधी उठणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पचायला जड आहे, पण आहे ते असं आहे.

हे सगळं गाईड लोकांना ठाऊक होतं. पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. पण ते लिहीत नव्हते. शहरातले लोक लिहीत होते, पण त्यांना ठाऊक नव्हतं. कॉर्नेलियाला दोन्ही जमत होतं.

काठी मिळाल्यानंतर तिने आपल्या मासे पकडण्याचा एक वृत्तांत लिहिला आणि फिलिप्सच्या साप्ताहिकाच्या संपादकाला, ओ. एम. मूर यांना, दिला. खाली सही केली ‘फ्लाय रॉड’. मूर यांनी तो छापला आणि आणखी मागितला. गावातल्या छोट्या वर्तमानपत्राचं नाव होतं ‘फिलिप्स फोनोग्राफ’. तिथे तिचा ‘फ्लाय रॉड्स नोटबुक’ हा कॉलम सुरू झाला. पुढे तिचे लेख बोस्टन, न्यूयॉर्क, शिकागोच्या वर्तमानपत्रांत जाऊ लागले. कोणत्या तळ्यावर काय चाललंय, कोणत्या कॅम्पात कोण आलंय, कुणाला किती पौंडांचा मासा लागला, अशी सगळी खबर त्यात असे. गावगप्पा म्हणा हवं तर. पण त्या गप्पा वाचून शेकडो मैलांवरचा माणूस ठरवत होता की आपली बॅग कधी भरायची. बर्फ फुटल्याची तार शहरात पोचायची आणि लोक आगगाडी पकडायचे. १८९१ साली तर ती दोन फुटी रेल्वे थेट रेंजलीपर्यंत गेली.

आपण बायका एकमेकींना सांगतोच की आज बाजारात मटार स्वस्त आहे, अमक्याकडे दळण चांगलं मिळतं. त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही. कॉर्नेलिया तेच करत होती, फक्त विषय पाण्याचा होता आणि खाली तिची सही होती. म्हणून त्याचे पैसे मिळाले. लिहिणाऱ्या बाईच्या आयुष्यात सहीचं महत्त्व किती असतं, हे मी माझ्यापुरतं तरी जाणते.

सहा फुटांच्या आसपास उंची, मोठा आवाज, सैल हसणं. लग्न तिने केलं नाही. मेन सेंट्रल रेल्वेने तिचं वजन ओळखलं आणि प्रसिद्धीचं काम तिला दिलं. १८९० च्या दशकात न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शिकार आणि मासेमारीची मोठी प्रदर्शनं भरत. तिथे तिने मेनच्या जंगलातला ओंडक्यांचा आख्खा लाकडी कॅम्प उभा केला. जिवंत ट्राउट टाक्यांत घालून नेले. आणि स्वतः दारात उभी राहिली ती घोट्याच्या बऱ्याच वर येणारा आखूड स्कर्ट घालून. झालं! मासे राहिले बाजूला, स्कर्टचीच चर्चा. पण विचार करा, वितळलेल्या बर्फाच्या पाण्यातून, निसरड्या दगडांवरून, जमिनीवर लोळणारा लोकरी झगा घेऊन चालायचं कसं? भिजला की तो मणभर व्हायचा. तिने तो आखूड केला त्यात फॅशनपेक्षा नदीचा हात जास्त होता. नऊवारीचा काचा मारून शेतात उतरणाऱ्या आपल्या आज्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

शहरातल्या बायकांनीही मेनला यावं, होडीत बसावं, काठी धरावी, म्हणून ती सतत लिहीत राहिली. आणि बायका आल्याही. नवऱ्यांच्या सोबत आल्या, मैत्रिणींच्या सोबत आल्या.

आता कायद्याची गोष्ट. जंगलात येणाऱ्यांची गर्दी वाढली तसे कुणीही उठून गाईड म्हणून मिरवू लागले. १८९७ च्या मार्चमध्ये मेनच्या विधिमंडळाने कायदा केला, की गाईडचं काम करणाऱ्या प्रत्येकाने नाव नोंदवून लायसन्स घ्यायचं. या नोंदणीसाठी कॉर्नेलियाने बरीच खटपट केली होती. पहिल्या वर्षी १३१६ जणांनी लायसन्स घेतलं. जवळजवळ सगळे पुरुष. आणि त्यात लायसन्स नंबर एक कुणाचं? कॉर्नेलिया क्रॉसबीचं. काही जण म्हणतात, तो नुसता मान होता, ती काही रोज पाहुण्यांना घेऊन होडी वल्हवत नव्हती. असेल. पण ज्या गाईडांच्या शेजारी बसून ती सगळं शिकली, त्यांच्या यादीत सगळ्यात वर तिचं नाव लागलं. मेनच्या बायकांना तेव्हा मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता. तो मिळाला १९२० साली, म्हणजे आणखी तेवीस वर्षांनी.

इथपर्यंतची गोष्ट सांगायला सोपी आहे. पुढची जरा अवघड.

तिने बोलावलं आणि लोक आले. आले ते मासे न्यायला. एका दिवसात तिने स्वतः दोनशे ट्राउट पकडल्याचं सांगतात. तेव्हा त्याचं कौतुक व्हायचं. होडीच्या बाजूला मेलेल्या माशांच्या माळा लावून फोटो काढत. १८९८ च्या डिसेंबरात तिने एक कॅरिबू मारला. कॅरिबू म्हणजे बर्फातलं मोठं सांबर म्हणा. मेनमध्ये कायदेशीर शिकारीत पडलेला तो शेवटचा कॅरिबू मानला जातो. पुढच्या वर्षी त्यांच्या शिकारीवर बंदी आली, पण विसाव्या शतकाची पहिली काही वर्षं सरली तोवर तिथून ते प्राणी गेलेच होते.

आणि पाण्याखाली काय चाललं होतं? रेंजलीचे ट्राउट इतके मोठे व्हायचे त्याचं कारण ब्लूबॅक नावाचा एक छोटा मासा. तो खाऊन ते पोसायचे. पण पाहुण्यांना आणखी मासे हवेत म्हणून १८७० च्या दशकात तळ्यांत सालमन मासा सोडला. त्याला खायला हवं म्हणून पुढे स्मेल्ट नावाचे बोटभर चंदेरी मासे सोडले. झालं असं की या नव्या पाहुण्यांपुढे ब्लूबॅकचा निभाव लागला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो रेंजलीतून नाहीसा झाला, आणि ते दहा पौंडी ट्राउटही गोष्टीतच उरले. वसंत ऋतूचं रूपच पालटलं. आता बर्फ फुटला की स्मेल्ट रात्री थव्यांनी ओढ्यांत अंडी घालायला चढतात आणि ट्राउट, सालमन त्यांच्यासाठी ओढ्याच्या तोंडाशी टपून बसतात. पुढे १९२४ साली याच भागातल्या अपर डॅम इथे कॅरी स्टीव्हन्स या बाईने, जी आधी बायकांच्या टोप्या बनवायची, स्मेल्टसारखी दिसणारी पिसांची माशी बांधली आणि तिच्यावर जवळजवळ सात पौंडांचा ब्रूक ट्राउट पकडला. तिने बांधलेली ‘ग्रे घोस्ट’ ही माशी आजही बर्फ फुटल्यानंतरच्या दिवसांत जगभर वापरतात. म्हणजे एका बाईने बोलावलेल्या गर्दीने पाणी बदललं आणि दुसऱ्या बाईने त्या बदललेल्या पाण्यासाठी माशी शोधली.

सालमन सोडणं हे काही कॉर्नेलियाचं काम नव्हतं, ते तिच्या आधीच सुरू झालं होतं. पण गर्दीत तिचा वाटा होता आणि तिला ते दिसत होतं. वर्षानुवर्षं त्याच तळ्यांवर जाणाऱ्या बाईला फरक कळणारच. म्हणून तिने पुढे उलट बाजूने लिहायला सुरुवात केली. एका माणसाने किती मासे न्यायचे याला मर्यादा हवी, शिकारीला ठरावीक हंगाम हवा, नियम मोडणाऱ्यांवर लक्ष ठेवायला माणसं हवीत, लागलेला लहान मासा परत पाण्यात सोडावा. हे लिहिणं सोपं नव्हतं. तिला पगार देणाऱ्या रेल्वेला जास्त प्रवासी हवे होते, गावच्या हॉटेलांना जास्त पाहुणे हवे होते, आणि जास्त माशांच्या आशेनेच ते येणार होते. तिने गर्दीला बोलावणं थांबवलं असंही नाही. दोन्ही एकदम चालू ठेवलं. मला यात थोडी विसंगती दिसते. पण घर चालवायचं आणि घराची चाकोरीही बदलायची, असं एकाच वेळी करणारी बाई विसंगत वागते, हे मी आजूबाजूला रोज बघते, त्यामुळे तिच्यावर फार रागवता येत नाही.

१८९९ साली आगगाडीशी चढउतार करताना ती पडली आणि गुडघा दुखावला. साधी दुखापत वाटली, पण बरीच वर्षं तिला दवाखाने आणि कुबड्या सुटल्या नाहीत. वय पंचेचाळीस. निसरड्या दगडांवर पाय रोवून उभं राहणं, जंगलातून मैलोन् मैल चालणं संपलं. वाईट वाटतं ते याचं, की ज्या आगगाडीसाठी ती काम करत होती तिच्याच पायरीशी हे व्हावं. तरी लिहिणं थांबलं नाही. पाय हलत नव्हता, पण बातम्या येत होत्या. बर्फ केव्हा फुटला, कुठल्या ओढ्याच्या तोंडाशी मासा लागतोय, कॅम्प कधी उघडणार, हे सगळं गाईड लोक तिला कळवत होते आणि ती लिहीत होती. होडीत बसून मासे पकडायलाही ती जमेल तशी जात राहिली.

मग मोटारी आल्या. लोकांना महिना-महिना एका तळ्याकाठी राहण्याची गरज उरली नाही. मोठी हॉटेलं ओस पडू लागली. ती दोन फुटी रेल्वे १९३५ साली बंद पडली आणि रूळ उखडून विकले. कॉर्नेलिया तेव्हा ऐंशी वर्षांची होती. डोळ्यांनी दगा दिला होता, पण ती जगत राहिली. क्षयाच्या घरातली मुलगी, जिला डॉक्टरांनी जीव वाचवायचा असेल तर बाहेर पड म्हणून सांगितलं होतं, ती ९२ वा वाढदिवस पाहून दुसऱ्या दिवशी, ११ नोव्हेंबर १९४६ ला गेली.

रेंजली भागात आज अनेक पाण्यांवर फक्त पिसांच्या माशीनेच मासा पकडायची परवानगी आहे, आणि ब्रूक ट्राउट किती न्यायचे यावर कडक मर्यादा आहे. दर वर्षी एप्रिल उजाडला की गावातले लोक अजूनही तळ्याकडे बघून बर्फाच्या तारखेवर पैजा लावतात. गाईडचं लायसन्स आजही लागतं. त्यासाठी आता परीक्षा द्यावी लागते, नकाशा-होकायंत्र वाचता यावं लागतं, हरवलेल्या माणसाला शोधायचं कसं ते सांगावं लागतं. आणि ही परीक्षा देऊन होडी वल्हवणाऱ्या बायका आता मेनमध्ये बऱ्याच आहेत.